नववीला व्यवसाय विषय घ्यावा का? आधी शाळेचं वर्कशॉप उघडून बघा

ताई, इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही हर्णैजवळच्या गावात राहता. मुलगी यंदा नववीत जाते आहे. शाळेत नववीपासून व्यवसाय विषय घेता येतो आणि त्यात दोन पर्याय आहेत, बहुकौशल्य (वेल्डिंग, प्लंबिंग, वीज, शेती, फळप्रक्रिया अशा हाताच्या कामांची एकत्र ओळख) आणि आयटी. यजमान बोटीत भागीदार आहेत, घरामागे थोडी हापूसची कलमं आहेत. मुलीचा हात सतत कशात तरी गुंतलेला असतो. पण मुंबईच्या आत्याबाई म्हणतात की व्यवसाय विषय ही ढ मुलांची सोय आहे, आणि एकदा तिकडे गेली की सायन्स संपलं. शिवाय मुलीला वेल्डिंगबिल्डिंग कशाला, हा घरातला सूर आहेच.

माझं उत्तर: घेऊ द्या, आणि या दोनांतलं बहुकौशल्यच घेऊ द्या. पण फॉर्म भरण्याआधी एक दुपार काढून शाळेत जा. मी रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षं हा विषय शिकवतो आहे, आसपासच्या शाळांची वर्कशॉपंही पाहत आलो आहे. अभ्यासक्रम एक, पुस्तक एक, पण एका शाळेत मुलं पाण्याच्या टाकीला स्वतः पाइप जोडतात आणि दुसऱ्या शाळेत पाइप जोडणीची आकृती वहीत काढून तिला रंग देतात. तुमच्या मुलीच्या वाट्याला यातलं काय येणार, हाच खरा प्रश्न आहे.

आधी आत्याबाईंची भीती, कारण ती चटकन मिटते. नववी-दहावीत हा विषय घेतला तरी गणित आणि विज्ञान जसंच्या तसं राहतं. तो साधारणपणे एका भाषेच्या जागी येतो. अकरावीला सायन्सला जायला त्यामुळे काहीही आडकाठी येत नाही. फक्त कुठली भाषा सुटते ते नीट विचारा. इंग्रजी सोडायचं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. आपल्याकडची कितीतरी मुलं जहाजावर जातात, जी.पी. रेटिंगच्या, म्हणजे जहाजावरच्या खलाशाच्या, प्रशिक्षणाला दहावीत किंवा बारावीत इंग्रजीत ४० टक्के लागतात आणि बरीच मुलं नेमकी तिथेच अडतात. आज मुलीच्या मनात जहाज नसेल, पण चौदाव्या वर्षी कुठलीच वाट स्वतःहून बंद करू नये.

आता हा विषय आला कुठून, ते सांगतो, म्हणजे 'ढ मुलांची सोय' या समजाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवाल. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून आलेला हा शास्त्रज्ञ. हाताने काम करता करता मूल विज्ञान अधिक पक्कं शिकतं, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यातून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय उभा राहिला. त्याचे चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. बोर्डाने त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. पुढे २०१३ साली केंद्राने कौशल्य पात्रतेचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, त्यात नववी-दहावीला पहिली-दुसरी पातळी आणि अकरावी-बारावीला तिसरी-चौथी अशी मांडणी झाली. आजचं बहुकौशल्य त्या पाबळच्या मुळावरच वाढलेलं आहे. विज्ञानात कच्च्या मुलांना बाजूला बसवण्यासाठी ते कोणी काढलेलं नाही. गंज धरलेला नट सोडवताना ज्या पोरीला दहावीच्या धातुविज्ञानाच्या धड्यातलं क्षरण आठवतं, तिला तो धडा पाठ करावा लागत नाही. बोटीच्या तळाला पंख्याजवळ जस्ताचा तुकडा का ठोकतात, हे तिला घरी बाबांना विचारू द्या आणि मग पुस्तकातली धातूंची क्रियाशीलता श्रेणी उघडू द्या. समुद्राच्या पाण्यात लोखंडाच्या आधी जस्त झिजतं, म्हणून लोखंड वाचतं. बाबा जे नेहमी करतात तेच पुस्तकात छापलंय, हे कळल्यावर विज्ञान परकं राहत नाही.

तर शाळेत जाल तेव्हा काय बघायचं?

वर्कशॉप कुठे आहे ते विचारा आणि दार उघडायला सांगा. किल्ली शोधायला वेळ लागला तर तुमचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं. आत गेल्यावर यंत्रांकडे पाहून दिपून जाऊ नका. नवी कोरी यंत्रं ही काळजीची गोष्ट आहे. पान्ह्यांवर ग्रीस, जमिनीवर लोखंडाचा कीस, कोपऱ्यात अर्धवट कापलेले पाइप, वेल्डिंगच्या कांड्यांचे थोटके दिसले तर खुशाल समाधान माना. मग मागच्या वर्षीच्या एखाद्या मुलाची प्रात्यक्षिक वही मागा. सगळ्या वह्यांत एकच मजकूर, एकच आकृती असेल तर तो फळ्यावरून उतरवलेला आहे. खऱ्या वहीत खाडाखोड असते, 'पाइप अर्धा इंच कमी पडला, सॉकेट लावून वाढवला' असली वाक्यं असतात आणि शेवटी कॉस्टिंग असतं: किती रुपयांचं सामान लागलं, किती तास गेले, वीज किती, वाया किती गेलं, वस्तू केवढ्याला पडली. पाबळच्या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच. कॉस्टिंग न शिकवता नुसती वस्तू बनवायला शिकवणारी शाळा अर्धाच विषय शिकवते.

प्रशिक्षकाशीही बोला. हे लोक बहुधा कंत्राटावर, एखाद्या संस्थेमार्फत नेमलेले असतात, आणि वर्षाच्या मध्येच बदलूही शकतात. त्यात त्यांचा दोष नाही, पण त्याचा परिणाम तुमच्या मुलीवर होणार. त्यांना सरळ विचारा: आठवड्याला किती तास प्रात्यक्षिक? सलग दोन तासिका मिळतात का? चाळीस मिनिटांच्या एका तासिकेत हत्यारं काढून पुन्हा कपाटात ठेवण्यापलीकडे फार काही होत नाही. कच्च्या मालाचे पैसे कुठून येतात? शाळेचीच बाकं, नळ, वायरिंग मुलं दुरुस्त करतात का? शेवटच्या प्रश्नाला 'हो' असेल तर पुढचं विचारायचीही गरज नाही.

आणखी एक प्रश्न असा आहे जो फक्त कोकणातच विचारायला हवा, आणि त्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तो सहसा कोणी विचारत नाही. शाळेचं प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक आणि किनाऱ्याचं वर्ष यांची गाठ पडते का?

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, शाकारलेल्या, इंजिनं खोललेली, खलाशी ओसरीवर बसून जाळी शिवत असतात. म्हणजे डिझेल इंजिन आतून बघायचं असेल, नोझल, फिल्टर, पंप हातात घेऊन बघायचं असेल, तर वर्षात तेच दिवस. आणि शाळा उघडते नेमकी जूनच्या मध्याला. पण पुस्तकातला इंजिनाचा धडा मागे असतो म्हणून शाळा तो डिसेंबरात घेते, तेव्हा हर्णै बंदरात एकही नाखवा मुलांना इंजिनाजवळ फिरकू देणार नाही, त्याला फुरसतच नसते. जो प्रशिक्षक जुलैमध्ये मुलांना बंदरावर नेतो, तो माझ्या मते निम्मी लढाई जिंकलेला माणूस.

कलमांचंही तसंच. आंब्याचं कोय कलम पावसातच बांधायचं, जून ते ऑगस्ट. कोय रुजून कोवळा, तांबूस कोंब आलेला असतो, हवेत दमटपणा असतो, तेव्हाच जोड धरतो. कलमकाडी कापण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं छाटून ठेवायची, म्हणजे डोळे फुगतात. काडी आणि रोप यांची जाडी जुळली पाहिजे, पाचर स्वच्छ एका झटक्यात कापली पाहिजे, पट्टी घट्ट बसली पाहिजे. पहिल्या दिवशी मुलांच्या हातून काडीपेक्षा बोटंच जास्त कापली जातात, म्हणून मी आधी करंजाच्या फांद्यांवर पाचर कापायला लावतो. हे काम ऑक्टोबरात शिकवायला गेलात तर निव्वळ नाटक होतं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ तुमच्या उंबऱ्यावर आहे, १९७२ पासून. तिथल्या रोपवाटिकेत मुलांना एक दिवस कलमं बांधणाऱ्या बायकांच्या शेजारी बसवलं, तर त्यांच्या हाताचा वेग पाहूनच मुलं निम्मं शिकतात.

फळप्रक्रियेची गाठ मात्र उलटी बसते. काजू, आंबा, कोकम, जांभूळ, करवंद, सगळं फेब्रुवारी ते मे या काळात येतं, आणि एप्रिलमध्ये परीक्षा, मेमध्ये सुट्टी. बहुतेक शाळांचं फळप्रक्रियेचं प्रात्यक्षिक म्हणूनच लिंबाच्या लोणच्यावर भागतं. जरा डोकं लावणारे प्रशिक्षक सुकी सोलं आणि आगळ साठवून ठेवतात, फणसाचे गरे आणि आंब्याचा रस डीप फ्रीझरला लावतात, नाहीतर सुट्टीतच चार दिवसांचं शिबिर घेतात. तुमच्या शाळेत काय करतात ते विचारा.

आणि हे प्रात्यक्षिक म्हणजे घरच्यासारखं सरबत करणं नव्हे. सरबत तुम्हाला आणि मला जन्मापासून येतं. शाळेत शिकायचं ते असं की स्क्वॅशमध्ये फळाचा रस किमान २५ टक्के आणि एकूण विद्राव्य घटक किमान ४० टक्के लागतात, आणि ते रिफ्रॅक्टोमीटर या मोजयंत्राच्या काचेवर थेंब टाकून ब्रिक्स या मापात वाचायचे असतात. आंब्याचा स्क्वॅश टिकवायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट चालतं, किलोला साधारण ०.६ ग्रॅम, पण तेच कोकमात घातलं तर त्याचा लाल रंगच उडतो, म्हणून तिथे सोडियम बेंझोएट. हे प्रमाण डोळ्याने टाकायचं नसतं, काट्यावर तोलायचं असतं. मग बाटली, बूच, लेबल, गॅस, मजुरी, फुटतूट धरून बाटली केवढ्याला पडली ते काढायचं. गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी बाटली केवढ्याला नेतील, हेही त्याच वहीत. माझ्याकडे हे गणित एकदा नीट केलेल्या मुली घरी येऊन आईला सांगतात की तू बाटलीमागे तोट्यात विकतेस. आयांना ते आवडत नाही, पण बहुतेक वेळा मुलींचं बरोबर असतं.

विजेच्या कामाबद्दलही किनाऱ्याची स्वतःची शिकवण आहे. खाऱ्या हवेत स्विचबोर्डाचे स्क्रू, मीटरच्या पेटीतले जोड वर्ष-दोन वर्षांत हिरवे पडतात. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग हा तर स्वतंत्र विषय आहे. पावसाळ्यात ते चांगलं मिळतं आणि मेमध्ये जमीन सुकली की रेझिस्टन्स चढतो. म्हणून कोळसा-मीठ घालून खड्डा भरायचा, त्यात पाणी टाकायला पाइप ठेवायचा, आणि उन्हाळ्यात अर्थ टेस्टर लावून बघायचं. घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, का हवी, हे दहावीच्या पोरीला समजलं तर ती तुमच्या घरी आधी तेच करायला लावेल. लावू द्या. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवतंय ना? आपल्या दापोली-मंडणगडात आणि पलीकडे श्रीवर्धनच्या बाजूला कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पत्रे उडालेल्या घरांत मीटरपासून आतलं वायरिंग तपासून द्यायला माणूस मिळत नव्हता. ज्या पोरांना ते येत होतं, त्यांना वाडीवाडीतून बोलावणी येत होती.

इथे एक इशारा. दहावीच्या या प्रमाणपत्रावर मुलगी वायरमन होत नाही. परवान्याचं काम करायचं असेल तर पुढे आयटीआय करावंच लागेल. नववी-दहावीचा हा विषय म्हणजे हाताची ओळख, नोकरीचं तिकीट नाही. 'दहावीनंतर लगेच नोकरी' असं शाळेच्या फलकावर लिहिलं असेल तर ते वाचून पुढे चला.

आता आयटी. त्याला मी नावं ठेवत नाही, पण एमएस-सीआयटीसारखे कोर्स मुलगी दहावीच्या सुट्टीत दापोलीत जाऊन करू शकते. इंजिन, कलम, वेल्डिंग, प्लंबिंग एकाच छताखाली पुन्हा कुठे मिळणार नाही. शाळेतल्या आयटीच्या दोन वर्षांत त्या कोर्सच्या फार पुढे गेलेल्या शाळा मी थोड्याच पाहिल्या. तुमच्या वर्कशॉपला मात्र कुलूप आणि संगणकाची खोली चालू, अशी स्थिती दिसली तर माझं मत फिरवा आणि आयटी घ्या. चालू असलेला साधा विषय बंद पडलेल्या चांगल्या विषयापेक्षा केव्हाही बरा.

काही शाळांत पर्यटन असतं, तुम्ही विचारलं नाहीत तरी कोणी ना कोणी विचारेल. शाळेची जवळच्या घरगुती निवासवाल्यांशी खरी सोयरीक असेल, मुलं पाहुण्यांच्या नोंदी, स्वयंपाकघराची स्वच्छता, हिशेब, पाहुण्याशी तीन भाषांत बोलणं शिकत असतील तर उत्तम. वर्गात बसून नॅपकिनच्या घड्या घालणं चाललं असेल तर सोडा. समुद्र जवळ आहे म्हणून स्कूबाची स्वप्नं कोणी दाखवली तर त्यासाठी तारकर्लीला वेगळी संस्था आहे; तो शाळेचा विषय नाही.

दहावीनंतरचं थोडं सांगून ठेवतो. अकरावी सायन्सला द्विलक्षी (बायफोकल) विषय घेता येतो, म्हणजे सायन्ससोबतच एक व्यवसाय विषय, २०० गुणांचा. इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, इलेक्ट्रॉनिक्स, काही ठिकाणी मत्स्य विषयही मिळतो. त्यासाठी साधारणपणे एक भाषा आणि एक ऐच्छिक विषय, बहुधा जीवशास्त्र, सोडावा लागतो. म्हणून डॉक्टरकी, नर्सिंग किंवा रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय मनात असेल तर द्विलक्षी नको, जीवशास्त्र ठेवा. सायन्स नकोच असेल तर अकरावी-बारावीचे व्यवसाय अभ्यासक्रम आहेत. लोक त्याला अजून एमसीव्हीसीच म्हणतात. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, रेफ्रिजरेशन दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा. बर्फाचे कारखाने, कोल्ड स्टोरेज, कोळंबी निर्यातीची युनिटं यांमुळे आपल्या किनाऱ्यावर रेफ्रिजरेशनवाल्याला काम कमी पडलेलं मी पाहिलेलं नाही, तरी मुलांची रांग इलेक्ट्रिशियनलाच जास्त. दोन वर्षांचा आयटीआय किंवा सायन्स अथवा व्यवसाय शाखेची बारावी करून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे रस्ता डिप्लोमा-डिग्रीपर्यंत जातो, फक्त वळणावळणाचा. धाकटा मुलगा सहावी-सातवीत असेल तर नव्या शैक्षणिक धोरणातल्या दहा दिवस दप्तराविना शाळेचं काय चाललंय तेही विचारून घ्या. त्यातले दोन दिवस त्याला गवंड्याकडे किंवा सुताराकडे पाठवलं तरी पुष्कळ.

शाळा कधी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना बघायला नेईल. बघणं ठीक आहे, पण तिथे कामाला लावणं नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयातल्या मुलांना धोकादायक प्रक्रियांत कामाला लावायला कायद्याने बंदी आहे. 'इंटर्नशिप' या नावाखाली कोणी ती रसायनांच्या कारखान्यात करायला सांगत असेल तर पालक म्हणून नकार द्या.

उरला मुलीचा आणि वेल्डिंगचा प्रश्न. आर्क वेल्डिंगमध्ये ताकद लागत नाही, हात स्थिर लागतो आणि कांडीचं अंतर राखता यावं लागतं. रांगोळीची रेघ एकसारखी सोडणाऱ्या मुली तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलांपेक्षा सरळ बीड (वेल्डिंगची रेघ) टाकतात, हे मी सरसकट पाहत आलो आहे. अडचण वेगळीच असते. ओढणी, मोकळी वेणी, पायात चपला आणि काळ्या काचेचा एकच हातातला पडदा तीस मुलांत फिरवायचा. म्हणून शाळेत गेलात की वेल्डिंगचे पडदे किती आहेत, कातड्याचे हातमोजे आहेत का, आग विझवायचं नळकांडं भरलेलं आहे का, एवढं मोजून या. मुलीला सुती कपडे, बंद बूट घालून आणि केस घट्ट बांधूनच पाठवा. पावसाळ्यात वर्कशॉपची जमीन ओली असेल तर त्या दिवशी वेल्डिंग नाही, हे तिला आधीच बजावून ठेवा. पडदा पुरत नसेल तर शेजारी उभं राहून बघायचंही नाही. नाहीतर त्या प्रकाशाने रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि सकाळी मूल शाळेत जायला नाही म्हणतं. ही मागणी शाळेकडे लेखी केलीत तरी चालेल. चांगला प्रशिक्षक रागावणार नाही. मुख्याध्यापकांकडे पडद्यांसाठी अर्ज करायला त्याला तुमच्या पत्राचा उपयोगच होईल.